आप्पांचा पश्चिमी स्टार: सर्व्हिस रेकॉर्ड दुरुस्तीचा अनुभव, बरेच महिने घालवल्यावर

निकाल आधीच सांगून टाकते म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांचं काम होईल. वडिलांच्या पश्चिमी स्टारची, म्हणजे ७१ च्या युद्धाच्या एका मेडलची, राहून गेलेली नोंद रेकॉर्डला (सैनिकांची सर्व्हिसची कागदपत्रं ठेवणारं लष्कराचं ऑफिस) झाली, तसं लेखी पत्र आलं, डिस्चार्ज बुकात (सैन्यातून बाहेर पडताना मिळणारं सर्व्हिसचं पुस्तक) शिक्क्यानिशी एन्ट्री पडली. मेडल मात्र अजून हातात आलेलं नाही. नोंद होणं आणि मेडल मिळणं ही दोन वेगळी कामं आहेत, वेगळ्या टेबलांवर होतात, आणि हे कुणी आपणहून सांगत नाही म्हणून इतकं लांबलचक लिहितेय.

आप्पा म्हणजे माझे वडील, १९६६ ला भरती, ड्रायव्हर ट्रेड, हवालदार होऊन १९८३ ला पेन्शन आले. गाव सातारा जिल्ह्यात, म्हणजे आमच्याकडे घरटी एक डिस्चार्ज बुक असतंच. रेजिमेंटचं आणि रेकॉर्ड ऑफिसचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण तिथे वाईट माणसंही भेटली नाहीत आणि देवमाणसंही नाहीत, फाइल जशी सरकते तशी सरकली.

तर त्यांच्या बुकात मेडलच्या पानावर सैन्य सेवा मेडल आहे, संग्राम मेडल आहे, स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं मेडल आहे (१५ ऑगस्ट १९७२ ला जो जो नोकरीत होता त्या सगळ्यांना मिळालेलं), नऊ वर्षांचं लाँग सर्व्हिस आहे. पश्चिमी स्टार नाही. आणि आप्पा डिसेंबर १९७१ मध्ये पाकिस्तानच्या सीमेवर सांबा-शकरगड भागात ॲम्युनिशनच्या गाड्या ओढत होते, बसंतर नदीच्या जवळपास, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय.

इथे बऱ्याच लोकांचा गोंधळ होतो. आमच्या ओळखीचे एक रिटायर्ड सुभेदारसुद्धा म्हणाले, संग्राम मिळालंय ना, मग ७१ चं मेडल मिळालं की. तसं नाहीये. ७१ साठी तीन वेगळी मेडल आहेत, तिन्ही १९७३ ला जाहीर झालेली. पूर्वी स्टार बांगलादेशच्या बाजूला, पश्चिमी स्टार पाकिस्तानच्या बाजूला लढाईच्या ठरवलेल्या पट्ट्यात प्रत्यक्ष हजर असणाऱ्याला, आणि संग्राम मेडलचा पट्टा आणि काळ दोन्ही मोठे, त्यात पुष्कळ जण बसतात. एकाच माणसाच्या छातीवर संग्राम आणि पश्चिमी स्टार दोन्ही असू शकतात, बहुतेकांच्या असतातच. पश्चिमी स्टारसाठी बघायचं ते ३ डिसेंबरला युद्ध सुरू झालं तिथपासून १७ डिसेंबरला पश्चिमेकडे फायरिंग थांबलं तिथपर्यंत. ढाक्याची शरणागती १६ ची, पण वेस्टर्न फ्रंट एक दिवस जास्त चालला होता.

आता पहिला प्रश्न सगळे विचारतात की पैसे किती मिळतात. काहीही नाही. महिन्याचा भत्ता फक्त शौर्यपदकांना आहे, म्हणजे सेना मेडल (गॅलंट्री) ला महिना २,००० रुपये, वीर चक्राला ७,०००, महावीर चक्राला १०,०००, परमवीर चक्राला २०,०००, हे २०१७ ला दुप्पट झालेले आकडे. स्टार आणि सर्व्हिस मेडलना भत्ता नाही, पेन्शन एक रुपयानं वाढत नाही. त्यामुळे कुणी एजंट "मेडल लावून देतो, पेन्शन वाढते" म्हणत असेल तर त्याला चहासुद्धा पाजू नका. आमच्याकडे एक आला होता, अगदी फॉर्म वगैरे छापून.

मग हा खटाटोप कशासाठी, तर आप्पांचं एकच म्हणणं. बुकात नसेल तर मी तिथे नव्हतो असा अर्थ होतो. ह्यावर काय बोलणार.

चूक कुठे झाली ते रेकॉर्ड हातात आल्यावर कळलं. नोव्हेंबर ७१ ला आप्पांना स्वतःच्या युनिटमधून काढून दुसऱ्या युनिटला अटॅच केलं होतं, युद्ध संपल्यावर जानेवारीत परत पाठवलं. नंतर मेडलची यादी केली ती मूळ युनिटनं, जे लोक हजेरीपटावर समोर होते त्यांची. अटॅचवाले मूळ युनिटच्या यादीतही नाहीत आणि दुसऱ्याही युनिटच्या यादीत नाहीत. लग्नात दोन्हीकडच्यांना वाटतं की पाहुणा त्यांच्याकडे जेवला, आणि तो उपाशीच परत जातो, तसं झालं. ड्रायव्हर, कुक, सिग्नलवाले, नर्सिंग असिस्टंट, ज्यांना सारखं इकडून तिकडे अटॅच करतात त्यांनी हे पान नक्की तपासा.

आता प्रोसेसबद्दल. आम्ही आधी साधा अर्ज केला, की आमचे वडील ७१ च्या युद्धात होते, त्यांना पश्चिमी स्टार मिळावा. उत्तर छापील आलं, उपलब्ध रेकॉर्डनुसार सदर मेडल ॲडमिसिबल दिसत नाही. आणि खरं सांगायचं तर त्या टेबलावरच्या क्लार्कचंही काय चुकलं, तो मेडलचा रकाना उघडतो, तिथे नाही, विषय संपला. त्याला अटॅचमेंटचा रकाना कोण उघडायला सांगणार?

गाडी सुरू झाली ती आरटीआयनं. पण त्यातही एक मेख आहे. अर्ज आप्पांच्याच नावानं आणि सहीनं केला, मी माझ्या नावानं केला नाही, कारण मुलगी मागते म्हटलं की तिसऱ्या व्यक्तीची खाजगी माहिती म्हणून आरटीआय कायद्याचं कलम ८(१)(जे) लावून परत पाठवता येतं. स्वतःची माहिती स्वतः मागितली की तो प्रश्नच येत नाही. फी १० रुपये, झेरॉक्सचे पानाला २ रुपये, मुदत ३० दिवस. आणि मागायचं काय तर फक्त स्वतःच्या शीट रोलची (रेकॉर्ड ऑफिसकडे असलेला सैनिकाच्या सर्व्हिसचा मूळ कागद) प्रत, मेडलच्या नोंदींची प्रत, आणि ऑक्टोबर ७१ ते फेब्रुवारी ७२ मधल्या स्वतःच्या पार्ट टू ऑर्डरच्या (बदली, अटॅचमेंट वगैरे ज्यात नोंदवतात तो युनिटचा आदेश) नोंदी. युनिटची वॉर डायरी, कोण कुठे तैनात होतं, असलं काही मागू नका, सुरक्षेचं कलम लागतं आणि अख्खा अर्ज अडकतो. माझा भाऊ त्या डायरीसाठी फार आग्रही होता, त्याला आवरावं लागलं.

जे आलं ते बघून मी खुर्चीतून उठलेच. शीट रोलच्या एका पानावर बारीक टायपात अटॅचमेंटची नोंद, तारीख, दुसऱ्या युनिटचं नाव, पार्ट टू ऑर्डरचा नंबर, सगळं. पन्नास वर्षं पुरावा रेकॉर्ड ऑफिसच्याच कपाटात पडून होता.

दुसरा अर्ज मग वेगळ्या भाषेत केला. "मेडल द्या" असं लिहिलंच नाही. लिहिलं ते असं की तुमच्याकडच्या शीट रोलवर अमुक पार्ट टू ऑर्डरनं अमुक तारखेपासून अमुक युनिटला अटॅचमेंट दाखवलेली आहे, ते युनिट त्या काळात पश्चिमी स्टारच्या पट्ट्यात होतं, त्यामुळे मेडलच्या रकान्यात नोंद राहून गेलेली आहे ती करावी आणि डिस्चार्ज बुकात घ्यावी. सोबत त्यांनीच दिलेली प्रत, आणि त्या दुसऱ्या युनिटमधल्या एका जोडीदाराचं ॲफिडेविट त्याच्या डिस्चार्ज बुकाच्या झेरॉक्ससकट, त्याच्या बुकात पश्चिमी स्टार आहे. हा जोडीदार शोधणं हे ह्या सगळ्यातलं सगळ्यात मजेचं काम होतं, फोनवर दोघं आधी एकमेकांना ओळखेनात आणि मग गाडीच्या नंबरावरून ओळख पटली, त्यानंतर फोन कुणी ठेवायलाच तयार नाही.

अर्ज थेट पाठवायचा का जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून, ह्यावर घरात वाद झाला. आम्ही कार्यालयातून फॉरवर्ड करून घेतला आणि एक प्रत थेट स्पीड पोस्टनंही टाकली. माझं मत, सैनिक कल्याण कार्यालयाच्या शिक्क्यानं फाइल पळत नाही, पण हरवत नाही, आवक नंबर मिळतो आणि पुढे विचारपूस करायला तोच लागतो.

स्पर्श पोर्टलबद्दल विचाराल तर त्याचा इथे संबंध नाही. ते पेन्शनचं आहे, तिथे नाव, बँक, पीपीओ (पेन्शनचा आदेश), हयातीचा दाखला हे बघायचं. शौर्यपदकाचा भत्ता असेल तर गोष्ट वेगळी. आमच्या मेव्हण्यानं उत्साहानं तिथे तक्रार टाकली होती, ती हे आमच्याकडे येत नाही म्हणून बंद झाली.

आणखी एक कटकट म्हणजे नाव. बुकात इंग्रजीत एक स्पेलिंग, आधारवर दुसरं, शाळेच्या दाखल्यावर तिसरं. पत्रव्यवहारात बुकातलं स्पेलिंग जसंच्या तसं लिहा, चुकीचं असलं तरी, आणि आर्मी नंबर शेवटच्या इंग्रजी अक्षरासकट. नाव दुरुस्ती आणि मेडल एकाच अर्जात घालू नका, दोन विषय दिसले की फाइल दोन टेबलांच्या मध्ये लोंबकळते.

रेकॉर्ड ऑफिस कुठलं हे माहीत नसेल तर आधी ते बघा. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, तोफखान्याचं नाशिक रोडला, महार रेजिमेंटचं सागरला, सिग्नलचं जबलपूरला, आर्म्ड कोअरचं नगरला. खूप लोक अर्ज सरळ दिल्लीला पाठवतात आणि तो फिरून रेकॉर्डलाच येतो, मधले महिने फुकट. दिल्लीचं काम रेकॉर्डनं नोंद मान्य केल्यावर सुरू होतं.

ह्यातूनही काही झालं नसतं तर सीपीग्राम्सवर (केंद्र सरकारचं तक्रारींचं पोर्टल) तक्रार आणि शेवटी आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनल, म्हणजे सैन्याच्या प्रकरणांचं न्यायाधिकरण, त्याचं बेंच मुंबईत आहे. आमच्यावर ती वेळ आली नाही. अठ्ठ्याहत्तरीच्या माणसाला घेऊन मुंबईला तारखा करणं मला झेपलंही नसतं.

मार्क द्यायचे तर आरटीआयला पूर्ण मार्क, रेकॉर्ड ऑफिसला पहिल्या उत्तरासाठी नापास आणि दुसऱ्यासाठी चांगले, कारण कागद समोर ठेवल्यावर त्यांनी हुज्जत घातली नाही. फोनला शून्य. फोन लागतो, उचलतातही, पण दर वेळी वेगळा माणूस आणि दर वेळी पहिल्यापासून कहाणी.

ज्यांचे वडील हयात नाहीत त्यांच्यासाठी एवढंच की अर्ज आईच्या नावानं करा, आणि आईचं नाव आधी रेकॉर्डला बरोबर आहे ना ते बघा, नाहीतर तिथूनच सुरुवात करावी लागते.

राहिलं मेडल. नोंद झाल्यावर मागणी पुढे गेलीय असं पत्रात आहे, कधी येईल ते कुणी सांगत नाही, सर्व्हिसमधल्या पोरांनाच मेडल वेळेवर मिळत नाहीत आणि ती बाजारातून विकत घेऊन लावतात हे उघड गुपित आहे. भावानं कॅम्पातल्या दुकानातून पश्चिमी स्टार आणला, हुबेहूब. आप्पांनी उलटा करून बघितला, कडा चाचपल्या आणि परत दिला. सरकारी मेडलच्या कडेवर नंबर, रँक, नाव कोरलेलं असतं, ह्याच्यावर काही नव्हतं. एका गाववाल्याला मध्ये मेडल आलं ते दुसऱ्याच कुणाच्या नंबराचं, आणि पोस्टमनसमोर सही करून घेतल्यामुळे परत करायला त्यालाच पत्रव्यवहार करावा लागला, तेव्हा पार्सल आलं की आधी कड वाचायची आणि मग सही करायची असं घरात सगळ्यांना बजावून ठेवलंय.