दादरचे ब्लाउजवाले: हात कसलेला, माप घ्यायची रीत मात्र सुधारायला हवी

दादर पश्चिमेला स्टेशनातून बाहेर पडलं की रानडे रोडपर्यंत मॅचिंग सेंटरं आणि ब्लाउज शिवून देणाऱ्यांची रांग लागते. टू बाय टू रुबियाची हवी ती छटा मिळते, पिको-फॉल तिथल्या तिथे होतो आणि कारागिरांच्या हाताला खरोखरच वळण आहे. पण छाती 42च्या पुढे गेली की याच बाजारात बाईला 'तुमच्या मापात असं बसत नाही' हे वाक्य ऐकावं लागतं. ते खरं नाही. बसतं, फक्त कापणी वेगळी करावी लागते. एखाद्या दुकानाचं नाव घेण्यात अर्थ नाही, कारण चुका बहुतेक सगळीकडे त्याच आहेत.

सुरुवात माप घेण्यापासून. गल्लीतल्या छोट्या दुकानांत माप काउंटरपाशीच, रस्त्याकडे तोंड करून घेतलं जातं आणि आकडे आत वहीत लिहिणाऱ्या मुलाला ओरडून सांगितले जातात. वर 'वहिनी, जरा कमी करा, मग बघा फिटिंग' हा न मागितलेला सल्ला. पडदा आणि माप घ्यायला बाई, या दोन गोष्टी ज्या दुकानात आहेत तिथे थोडं जास्त चालत जाऊनही कापड टाकावं. नसतील तर टेप आणि वही मागून घ्या, आकडे स्वतः लिहा. वजनाचा विषय निघालाच तर 'दादा, मापाचं बोला' एवढं पुरतं. मागे रांगेत उभ्या असलेल्या कॉलेजच्या मुलीही ते ऐकत असतात, म्हणून ते मोठ्याने म्हणावं.

आता मापांचं. बरेच कारागीर छाती, कंबर, उंची आणि बाही एवढंच घेतात, बाकीचं छातीवरून ठोकताळ्याने काढतात. मोठ्या मापाचे ब्लाउज बिघडतात ते इथे. छाती 44 असली म्हणून खांदा रुंद असतोच असं नाही, पण ठोकताळा तो रुंद धरतो आणि ब्लाउज खांद्यावरून उतरतो. मग मागे नाडी लावून वेळ मारून नेली जाते. मुंढ्याचंही, म्हणजे बाही जोडतात त्या गोल कापाचंही, तेच. छातीच्या हिशोबाने मुंढा खोल कापला जातो आणि सैल मुंढ्यात हात मोकळा राहील असं वाटतं. होतं उलट: मुंढा बगलेपासून जितका खाली, तितका हात वर करताना अख्खा ब्लाउज ओढला जातो. लेडीज डब्यात वरची कडी धरली की पोट उघडं पडतं ते यामुळेच. त्यामुळे ट्रायलला आरशासमोर नुसतं उभं राहू नका. कडी धरल्यासारखा हात वर करा. खालची कड दोन बोटांपेक्षा जास्त वर गेली, तर मुंढा वर घ्यायला हवा. शिवून झाल्यावर हे दुरुस्त करणं फार कठीण, म्हणून निदान पहिला ब्लाउज कच्च्या टाक्यांवर घालून बघण्याचा आग्रह धरा.

सांगून घ्यावीत अशी मापं: छातीखालचा घेर, खांद्यापासून छातीच्या टोकापर्यंतची उंची, दोन टोकांमधलं अंतर, मुंढ्याचा गोल घेर आणि दंडाच्या सर्वांत जाड भागाचा घेर. ज्या ब्रेसियरवर ब्लाउज घालायचा तीच घालून जा, कारण ब्रेसियर बदलली की टोकाची उंची बदलते. जुना ब्लाउज नमुना म्हणून देण्याची पद्धत सोयीची आहे, पण टेबलावर सपाट पसरलेल्या ब्लाउजवरून कटोरीची, म्हणजे छातीवरच्या वाटीसारख्या भागाची, खोली कळत नाही. उंची आणि गळा त्यावरून घेऊ द्या, बाकी अंगावरून.

पुढच्या हुकांमध्ये फट पडते तेव्हा दोष छातीला दिला जातो. खरं कारण असं की छातीचा घेर पुढे-मागे सारखाच वाटलेला असतो. भरलेल्या छातीला पुढचा भाग पाठीपेक्षा रुंद लागतो. त्यात हुक दीड-दोन इंचांवर लावले तर फट पडणारच. ते एक इंचावर लावायला सांगा आणि एक हुक बरोबर टोकांच्या रेषेत येऊ द्या. चार टक्सचा (आकारासाठी घातलेल्या चिमट्यांचा) साधा ब्लाउज या मापात टोकदार दिसतो, कारण सगळा फुगवटा एकेका टकमध्ये कोंबलेला असतो. कटोरी किंवा प्रिन्सेस कट (मुंढ्यापासून किंवा खांद्यापासून खालपर्यंत उभी शिलाई) घ्या, त्यात तो शिलाईभर वाटला जातो.

कापड किती, यावर इथे सर्वांत जास्त वाद होतात. साडीसोबतचा ब्लाउज पीस साधारण 80 सेंटीमीटरचा असतो. कोपरापर्यंत बाही हवी असेल तर मोठ्या मापाला तो अपुरा पडू शकतो. 36 इंची पन्ह्याचं कापड वेगळं घेताना सव्वा मीटर घ्या. जास्त कापडाचे जास्त पैसे, हे रास्तच. पण तेवढ्याच शिलाया आणि तेवढेच हुक असताना 'साइज मोठी' म्हणून शिलाईचा दर चढवणं अन्यायाचं आहे आणि ते दुकानात तसंच सांगावं. अस्तर आणि सुती कापड रात्रभर भिजवून, वाळवून मगच द्या. नाहीतर पहिल्या धुण्यात अस्तर आटतं आणि वरचं कापड चुरगळल्यासारखं दिसत राहतं.

माया, म्हणजे शिलाईच्या आत राखलेलं जादा कापड, ठेवण्यात मात्र हा बाजार मागे गेला आहे. आत कमी कापड म्हणजे सफाई, असं समजून कडा कापून ओव्हरलॉक मारलं जातं. दोन्ही बाजूंना, पुढच्या आणि मागच्या भागात एकेक इंच माया हवीच, बाहीतही हवी. उसवली की घेर तीन इंचांपर्यंत वाढतो. बाळंतपण, थायरॉइड, पाळी जाण्याचा काळ, यात अंग बदलतं. आपल्याकडच्या गाठीच्या चोळीत ही सोय मुळातच होती, गाठ सैल बांधली की झालं.

कौतुक करावं अशी एक गोष्ट. परळचं टाटा रुग्णालय जवळ असल्यामुळे स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर ब्लाउज शिवायला येणाऱ्या बायकांना इथे नीट समजून घेणारे कारागीर सापडू शकतात, फक्त आधी स्पष्ट विचारावं लागतं. अस्तराच्या आत मऊ होजियरीचा खिसा, बाजूने उघडा, म्हणजे कृत्रिम स्तन धुण्यासाठी काढता येतो. गळा त्या बाजूने वर. हाताला सूज असेल तर दोन्ही दंडांची मापं वेगळी घ्यावीत आणि बाहीला घट्ट पट्टी नको. खांदा आखडला असेल तर मागचे हुक टाळा. हा ब्लाउज गर्दीच्या दिवसांत टाकू नका, दोन ट्रायल लागतात.

तयार स्ट्रेच ब्लाउज घाईच्या वेळी चालतात. मुंबईच्या दमटपणात दिवसभर घालण्याजोगे ते नाहीत.

हातशिलाई, हुक आणि लटकन बऱ्याचदा घरी बसून बायकाच करतात, नगावर. ब्लाउज एका दिवसात हवा म्हणून दुकानदाराला जादा पैसे देत असाल, तर त्यातले हुक लावणारीला किती मिळतात हे विचारा. हा प्रश्न विचारणारी गिऱ्हाइकं फार कमी आहेत.

पावती घ्याच, आणि तिच्यावर कापडाची लांबी, मापं, दर आणि तारीख लिहून घ्या. शिलाई ही ग्राहक कायद्याखालची सेवा आहे. कापड बिघडवून दुकानदार हात वर करत असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवता येते आणि जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाख रुपयांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क लागत नाही. दिवाळी आणि लग्नसराईत इथे ट्रायल देत नाहीत, तेव्हा कापड निदान तीन आठवडे आधी टाका.