फॅमिली लिंक नऊ महिने वापरल्यावर

जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि गृहपाठ व्हॉट्सअ‍ॅपवर येणार असं कळलं. नवऱ्याचा जुना अँड्रॉइड फोन मग मुलाकडे गेला. मुलगा साडेअकरा वर्षांचा, सहावीत. त्याच रात्री मी मुलांच्या फोनवर लक्ष ठेवायचं गूगलचं अ‍ॅप, फॅमिली लिंक, लावलं. आता फेब्रुवारी संपत आलाय. "कसं आहे गं ते?" असं बिल्डिंगमधल्या तिघींनी विचारलं आणि तिघींना मी तीन वेगळी उत्तरं दिली. म्हणून एकदा नीट लिहून काढते.

अ‍ॅप फुकट आहे. मुलाचं स्वतंत्र गूगल खातं काढायचं, ते आपल्या खात्याला जोडायचं, की त्याच्या फोनची बरीचशी सूत्रं आपल्या फोनवर येतात. रोज किती वेळ, रात्री किती वाजता बंद, कोणतं अ‍ॅप चालेल, फोन कुठे आहे, हे सगळं आपल्याला ठरवता किंवा बघता येतं. यूट्यूबसाठी वयानुसार पातळ्या आहेत, मी 9 वर्षांपुढची निवडली. क्रोममधली इन्कॉग्निटो, म्हणजे काय बघितलं याची नोंद न ठेवणारी खिडकी अशा खात्याला उघडतच नाही, हे मला फार आवडलं.

खातं काढताना जन्मतारीख खरी घाला. त्याच्या वर्गातली बरीच मुलं इन्स्टाग्रामवर आहेत आणि तिथे त्यांचा जन्म आपल्या लग्नाच्या आधी झालेला आहे! इन्स्टाग्रामला किमान 13 वर्षं लागतात, म्हणून साल मागे ढकललं. पण तिथे 18 वर्षांखालच्यांचं खातं आपोआप खाजगी होतं आणि अनोळखी माणसाला त्यांना सहज मेसेज टाकता येत नाही. खोटं साल टाकलं की हे कुंपणच उडतं. आमच्याकडे इन्स्टाग्रामची विनंती आली, मी नाही म्हटलं, दोन दिवस घरात अबोला होता.

सगळ्यात उपयोगी पडली ती ही विनंतीच. प्ले स्टोअरवर त्याने काही घ्यायला बोट लावलं की माझा फोन वाजतो आणि मी हो म्हटल्याशिवाय ते उतरत नाही. पहिल्या पंधरवड्यात दिवसाला चार-चार विनंत्या यायच्या. बॅटरी वाढवणारं अ‍ॅप, गेममधले हिरे फुकट देणारं अ‍ॅप, आवाज बदलणारं अ‍ॅप. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मी ती एकेक उघडून बघायची. संध्याकाळी "हे तुला कशाला हवंय?" असं विचारलं की निम्म्यांचं उत्तर त्यालाही देता यायचं नाही. मात्र एकदा मंजूर केलेलं अ‍ॅप काढून पुन्हा घेतलं तर ते परत विचारत नाही, तेव्हा पहिला होकार जपून द्या.

वेळेच्या मर्यादेबद्दल मात्र माझं मत बदललं. शाळेच्या दिवशी एक तास, रविवारी दोन, रात्री नऊला बंद. पहिला आठवडा झकास गेला. मग चिरंजीव वकील झाले. "आई, प्रकल्पासाठी पाच मिनिटं." "आई, काल मी दहा मिनिटं कमी वापरला होता." जादा मिनिटं माझ्या फोनवरून देता येतात, त्यामुळे मी रेशन दुकानदार झाले, रोज रांग आणि रोज कुरकुर. शिवाय मोजदाद फक्त मिनिटांची होते. तबल्याचे बोल ऐकलेली वीस मिनिटं आणि एकामागून एक व्हिडिओ सरकवण्यात गेलेली वीस मिनिटं अ‍ॅपच्या आलेखात सारखीच उंच.

दोन भोकं पडली, दोन्ही आमचीच. गृहपाठ अडू नये म्हणून व्हॉट्सअ‍ॅप मी 'कायम चालू'मध्ये टाकलं होतं. ऑगस्टमध्ये फॅमिली लिंकचा वापराचा अहवाल उघडला तर त्यावर दोन तास दहा मिनिटं! मित्र व्हिडिओ तिथेच पाठवत होते आणि हा तिथेच बघत होता. आता वर्गाचा ग्रुप माझ्या फोनवर आहे, गृहपाठ मी वाचून दाखवते. दुसरं भोक म्हणजे सासूबाईंचा फोन. त्यांच्या यूट्यूबवर ज्ञानेश्वरीचं प्रवचन, उकडीचे मोदक आणि मधोमध बंदुका घेऊन पळणारी माणसं दिसू लागली. "मला वाटलं जाहिरात आहे," त्या म्हणाल्या. आजी-नातवाचं गुपित होतं, हे त्यांचा चेहराच सांगत होता. त्यांना मी काहीच बोलले नाही. फोनला पिन मात्र लावून दिला.

आता दिवाळीच्या सुट्टीतली गोष्ट. मी मंजूर केलेल्याच एका गेममध्ये गप्पांची खिडकी होती. तिथे कुणीतरी याला "दादा" बनून हिरे देऊ केले, मग शाळेचं नाव विचारलं, मग फोटो मागितला. माझ्या अहवालात त्या दिवशी एवढंच होतं: गेम, 35 मिनिटं. हे अ‍ॅप मेसेज वाचत नाही, तसा त्याचा दावाही नाही, आणि मुलाचे सगळे मेसेज आईने वाचावेत असं मलाही वाटत नाही. पण हे त्याने मला सांगितलं नाही. आत्याला सांगितलं, तेही भाऊबीजेला ती आली तेव्हा, चार दिवसांनी. का, तर "आई गेम बंद करून टाकेल."

हे वाक्य मला फार लागलं. कुलपाची किल्ली ज्याच्या हातात, त्याला चोर दाखवायला कोण येणार?

नणंदेने डोकं शांत ठेवलं. आधी स्क्रीनशॉट घेतले, मग गेममध्ये तक्रार केली आणि मग ब्लॉक केलं. हा क्रम लक्षात ठेवा. आधी ब्लॉक केलं तर कधी कधी पुरावा हाती लागत नाही. फोटो गेला नव्हता, म्हणून आम्ही तिथेच थांबलो. पण राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर मुलांशी संबंधित काही प्रकारांची तक्रार नाव न सांगताही करता येते आणि 1098 ही मुलांची हेल्पलाइन आहे, हे दोन्ही तेव्हाच शोधून फ्रिजच्या दारावर चिकटवलं. त्या रात्री त्याला शब्द दिला की तू येऊन सांगितलंस तर त्या गोष्टीसाठी काहीही बंद होणार नाही. गेम आजही फोनवर आहे, गप्पांची खिडकी बंद करून.

माझं माहेर सांगली जिल्ह्यातलं. तिथल्या मोहित्यांचे वडगावात 2022 पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास गावातले मोबाइल, टीव्ही बंद ठेवतात. हे मी त्याला मोठ्या कौतुकाने सांगितलं, तर म्हणाला, "मोठ्यांचे पण?" मोठ्यांचे पण. मग आमच्याकडेही साडेसात ते नऊ सगळ्यांचे फोन देवघराशेजारच्या फळीवर. पहिल्या आठवड्यात चोरून बघताना दोनदा सापडला तो त्याचा बाप.

सध्या रात्रीची वेळ, अ‍ॅपची मंजुरी आणि एकेका अ‍ॅपची मर्यादा एवढंच चालू आहे. फोनची रोजची एकूण मर्यादा काढली. लोकेशन क्वचितच बघते. ते फोनचं असतं, पोराचं नाही, हे तो फोन क्लासमध्ये विसरून आला तेव्हा कळलं. दहा-बारा वर्षांच्या मुलाला पहिला फोन देणार असाल तर पहिल्याच दिवशी लावा. वापरून सुटलेल्या फोनवर नंतर लावणं म्हणजे भांडण विकत घेणं.

परवा स्वयंपाकघरात आला, फोन पाठीमागे धरून. "बंद करणार नाहीस ना?" आधी हे विचारलं. नाही म्हटलं. मग दाखवलं. कुणीतरी पाठवलेली लिंक होती, बक्षीस लागल्याची. उघडलेली नव्हती.