असिसी की ओर्व्हिएतो? रोम-फ्लॉरेन्सच्या मधला एक दिवस

रोम आणि फ्लॉरेन्सची तिकिटं झालीत, मधे एक दिवस मोकळा आहे आणि डोंगरावरचं एखादं मध्ययुगीन तीर्थाचं गाव बघायचंय, तर उंब्रियातली ही दोन नावं हमखास समोर येतात. माझं मत आधीच सांगते. संध्याकाळी परतायचं असेल तर ओर्व्हिएतो, मुक्काम करता येत असेल तर असिसी. असिसी धावतपळत उरकलं तर चढ आणि गर्दी, एवढंच पदरात पडतं.

ओर्व्हिएतो रोमहून ट्रेनने साधारण सव्वा तासावर. स्टेशनसमोरच फ्युनिक्युलर आहे, आपल्या सप्तशृंगगडावर आहे तशी. गुडघे दुखणारे आई-बाबा सोबत असतील तर निम्मा निर्णय इथेच झाला. असिसीला जास्त वेळ लागतो, बऱ्याच वेळा फोलिन्योला गाडी बदलावी लागते, आणि स्टेशन पायथ्याशी. वर जायला बस. पण बसची घाई करू नका. खालच्या सांता मारिया देली आंजेली या अवाढव्य चर्चच्या पोटात पोर्त्सियुंकोला नावाचं इवलंसं दगडी देऊळ जसंच्या तसं जपलंय. वाड्यात देव्हारा असावा तसं. असिसीकर संत फ्रान्सिस 1226 साली तिथेच वारले.

ओर्व्हिएतोत मुख्य गोष्ट एकच, पण ती जबरदस्त: दुओमो, म्हणजे गावातलं मुख्य चर्च. 1263 साली जवळच्या बोल्सेना गावात मिस्साच्या (ख्रिस्ती प्रार्थनाविधीच्या) वेळी प्रसादाच्या भाकरीतून रक्त ठिबकलं अशी श्रद्धा आहे. त्या रक्ताने डागाळलेलं वेदीवरचं वस्त्र इथे ठेवलंय. पुढच्याच वर्षी पोप चौथे अर्बन यांनी ख्रिस्तशरीराचा सण सगळ्या चर्चला लावून दिला, तो याच गावातून. 1290 मध्ये दुओमोचं बांधकाम सुरू झालं. आत सान ब्रित्सिओ चॅपेलमध्ये सिन्योरेल्लीची चित्रं आहेत. ख्रिस्तविरोधक भाषण करतोय आणि मागून सैतान त्याच्या कानात कुजबुजतोय. नीट बघा, सैतानाचा हात त्याच्याच बाहीतून आल्यासारखा वाटतो. दुओमोला तिकीट आहे. वेळ उरला तर फ्युनिक्युलरजवळची सान पात्रित्सिओची विहीर उतरा. 248 पायऱ्यांचे दोन गोल जिने एकमेकांत गुंफलेले, म्हणजे पाणी आणायला उतरणारं खेचर वर चढणाऱ्याला आडवं येत नाही.

असिसीत चर्चच चर्च. फ्रान्सिसची बॅसिलिका दुमजली, 1228 मध्ये सुरू झालेली, प्रवेश मोफत, आत फोटोला बंदी. वरच्या मजल्यावर त्याच्या आयुष्यातले 28 प्रसंग रंगवलेत. ते चित्रकार जोत्तोचे की आणखी कुणाचे, यावर तज्ज्ञ अजून भांडतात. पाखरांना उपदेश करणारा फ्रान्सिस दाराच्या आतल्या बाजूला आहे, त्यामुळे बाहेर पडताना वळून बघितलं नाही तर हुकतो. चिमाबुए या चित्रकाराच्या इथल्या चित्रांतला पांढरा रंग काळा पडलाय, फोटोच्या निगेटिव्हसारखा. छताकडे मान वर केलीत तर मधेच कोरे ठिगळ दिसतील: 1997 च्या भूकंपात छत कोसळून चौघे गेले आणि चित्रांचे हजारो तुकडे मलब्यातून वेचून जोडावे लागले. मग तळघरात फ्रान्सिसची समाधी, पुढे सांता क्यारा चर्च (दुपारी काही तास बंद), मग फ्रान्सिसचा बाप्तिस्मा झाला ते सान रुफिनो. हे चार तासांत बसवता येतं, पण कशाला?

खरं असिसी सहल-बस उतरून गेल्यावर सुरू होतं. सुबासिओ डोंगराचा गुलाबी दगड उन्हं कलली की वेगळाच दिसतो, आणि गल्लीत आपल्याच चपलांचा आवाज येतो. खांदे झाकतील असे कपडे दोन्हीकडे घ्या.

वसईकरांना मात्र माझा सल्ला लागू नाही. संत गोन्सालो गार्सिया तुमचे, आणि ते फ्रान्सिस्कन, म्हणजे फ्रान्सिसच्याच संघातले. तुम्ही एका दिवसासाठी का होईना, असिसीच गाठणार.