स्त्री-पुरुष आणि औषधांचा डोस : ऑनलाइन अभ्यासक्रम आठ महिने वापरल्यानंतर

मी सेकंड एमबीबीएसला फार्माकॉलॉजी, म्हणजे औषधशास्त्र, शिकवते. तेच औषध बाईवर आणि पुरुषावर वेगळं का वागतं, हे शिकवणारा एक मोफत ऑनलाइन अभ्यासक्रम मी दोन बॅचेसना दिला. एरवी वर्गात या विषयाला दहा मिनिटं मिळायची, तीही गरोदरपणातल्या औषधांतच संपायची.

पहिलं प्रकरण झोल्पिडेमचं, आणि तेच सगळ्यात सरस. झोपेच्या गोळीचा डोस आधी स्वतः लिहायचा, नंतर तो बदलता येत नाही. बहुतेकांनी सगळ्यांसाठी १० मिलिग्रॅम लिहिला. मग आकडे समोर येतात : १० मिलिग्रॅम घेतल्यावर साधारण आठ तासांनी रक्तात ५० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरपेक्षा जास्त औषध पुरुषांपैकी सुमारे ३ टक्क्यांत, बायकांपैकी सुमारे १५ टक्क्यांत. सकाळी गाडी काढणाऱ्या बाईला ही पातळी धोक्याची. अमेरिकेत या औषधाला १९९२ मध्ये मंजुरी मिळाली. बायकांचा डोस निम्मा करायला २०१३ उजाडलं. "मॅडम, वजन कमी असतं म्हणून ना?" हा प्रश्न दोन्ही बॅचेसमध्ये आला. वजनाचा हिशेब केला तरी फरक उरतो, कारण बायकांच्या शरीरातून हे औषध सावकाश बाहेर पडतं. ही गाठ अभ्यासक्रम फार छान सोडवतो.

क्यूटीचं प्रकरण मात्र घाईत उरकलंय. क्यूटी म्हणजे हृदयाचा ठोका पडून ते पुन्हा सज्ज होईपर्यंतचा, ईसीजीवर मोजायचा काळ; काही औषधांनी तो फार लांबला की टॉरसाड्स हा ठोक्यांचा जीवघेणा बिघाड होऊ शकतो. औषधांमुळे होणाऱ्या टॉरसाड्सच्या रुग्णांत बायका साधारण दोन तृतीयांश, एवढं सांगून पुढे जातात. खरी गंमत मला फळ्यावर काढून दाखवावी लागली : लहानपणी मुलामुलींचा क्यूटी सारखाच असतो, वयात येताना मुलग्यांचा आखूड होतो. टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हॉर्मोनचं काम. म्हणजे बाईचा क्यूटी 'बिघडलेला' नसतोच. हे कळल्यावर मुलींचे चेहरे खुललेले मी पाहिलेत.

१९७७ साली अमेरिकेत मूल होऊ शकेल अशा बायकांना औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांतून वगळण्याची शिफारस झाली आणि ती १९९३ मध्ये मागे घेतली गेली, हा इतिहास दोन स्लाइडमध्ये आटोपलाय. मुलांनी सर्वांत जास्त प्रश्न त्यावरच विचारले.

व्हिडिओ जड आहेत, होस्टेलच्या नेटवर अडकतात. मी ते आधीच उतरवून देते. मोठी उणीव म्हणजे आपल्याकडचा रुग्ण त्यात कुठेच नाही. मी एक केस स्वतः जोडली : टीबीसाठी रिफाम्पिसिन सुरू असलेली आणि सोबत माला-एन ही गर्भनिरोधक गोळी घेणारी बाई. काटेकोरपणे हा स्त्री-पुरुषांतला फरक नव्हे, दोन औषधांतली टक्कर आहे. रिफाम्पिसिनमुळे यकृत गोळीतलं हॉर्मोन झपाट्याने संपवतं आणि गोळीचा भरवसा उरत नाही. पण आमच्या ओपीडीत हाच प्रश्न येणार. त्यानंतर एका मुलाने वॉर्डात टीबीच्या रुग्ण बाईला आपणहून विचारलं, "ताई, पाळणा लांबवायला काही घेता का?" त्या हो म्हणाल्या. आम्ही तिथेच त्यांच्या डॉक्टरांना सांगितलं.

पुढच्या बॅचलाही हा अभ्यासक्रम देणार आहे. फक्त क्यूटीचं प्रकरण उघडण्याआधी प्रत्येकाच्या हातात ईसीजीची पट्टी असेल.