मटण-बार्ली सूप: नाशिकच्या बाजारातले कोणते जव घ्यावेत?

बार्ली म्हणजे आपले जवच. निकाल आधीच सांगून टाकतो. एरवीच्या दिवशी पाकीटबंद पर्ल बार्ली. आदल्या रात्री भिजत घालण्याची आठवण राहणार असेल तर टरफल काढलेले अख्खे जव; चव यांचीच जास्त चांगली. पूजेच्या दुकानातले टरफलासकट जव कितीही स्वस्त असले तरी सुपात घालू नयेत. बार्लीचा दलिया आणि फ्लेक्स या कामाचे नाहीत, त्यांची पेज करावी.

आता मांसाबद्दल. या सुपाच्या ज्या पाककृती सगळीकडे फिरतात त्या बहुतेक बीफच्या. महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्याने गाय आणि २०१५ च्या दुरुस्तीने बैल-वळूही बंद. उरतं ते परवान्याच्या दुकानातलं म्हशीचं मांस, नाहीतर सरळ बोकडाचं मटण. मटण वापरलं म्हणजे तडजोड केली असं समजायचं कारण नाही. स्कॉटलंडचा स्कॉच ब्रॉथ मेंढीचं मटण आणि बार्ली घालूनच करतात, वर सुके वाटाणेही टाकतात. त्यामुळे खालची सगळी मापं मटणाची आहेत. म्हशीचं मांस घेणार असाल तर पायाकडचा भाग घ्या, तुकडे इंचाचेच ठेवा आणि कुकरची वेळ ३५ ते ४० मिनिटांवर न्या. त्यात चरबी कमी असल्यामुळे तेल एक चमचा जास्त लागेल.

पर्ल बार्ली म्हणजे टरफल काढून वर कोंड्याचा थरही घासून टाकलेला दाणा. कॉलेज रोड, गंगापूर रोडकडच्या सुपरमार्केटांत ती डाळींपाशी शोधत बसू नका, ओट्स आणि किनोआच्या रॅकवर असते. पाकीट उजेडाकडे धरून बघा. चांगला दाणा मळकट पांढरा असतो आणि पोटावर मधोमध तपकिरी रेघ स्पष्ट दिसते. दाणा साबुदाण्यासारखा गोल आणि पांढराशुभ्र असेल तर तो गरजेपेक्षा जास्त घासलेला आहे. असा दाणा लवकर शिजतो खरा, पण मधला भाग मऊ होईपर्यंत बाहेरचा विरघळून सुपाची खळ झालेली असते. पाकिटाच्या तळाशी पांढरी भुकटी आणि तुकडे साठलेले दिसले तरी तेच होणार. घरी आणल्यावर वास घ्या. जुन्या मालाला खवट वास येतो आणि तो कितीही धुतला तरी जात नाही.

टरफल काढलेले अख्खे जव शोधायला थोडं फिरावं लागतं. रविवार कारंजा, भद्रकाली भागातल्या जुन्या किराणा-धान्याच्या दुकानांत विचारायचं. जवाला सातूही म्हणतात, पण नुसतं ‘सातू द्या’ म्हटलं तर पुष्कळदा सातूचं पीठ पुढे येतं, म्हणून ‘टरफल काढलेले अख्खे जव’ असंच म्हणावं आणि चार दाणे तळहातावर घेऊन बघावेत. टरफलाचा दाणा पिवळसर, दोन्ही टोकांना अणकुचीदार असतो. नखाने खरवडलं तरी टरफल सुटत नाही, कारण जवाचं टरफल दाण्याला घट्ट चिकटलेलं असतं. टरफल काढलेला दाणा तपकिरी, टोकांना बोथट आणि हाताला गुळगुळीत लागतो. ढिगात दोन्ही प्रकार मिसळलेले दिसले तर घेऊ नका, निवडत बसण्यात अर्धा तास जातो आणि तरी दोन-चार दाणे घशाशी येतातच.

पंचवटीत पूजेच्या सामानाच्या दुकानांत मिळणारे जव होमहवनाला आणि घटाला पेरायला ठीक. शिजवून टरफल मऊ पडत नाही, दाताखाली कुसळासारखं टोचतं. शिवाय बियाणं म्हणून विकला जाणारा माल औषध लावलेला असू शकतो, तो तर पोटात जाताच कामा नये.

चव आणि पोत यांत फरक किती? पर्ल बार्ली स्टार्च भराभर सोडते, म्हणून सूप मऊ, दाट आणि चमच्याला धरून राहणारं होतं. अख्ख्या जवाचा दाणा शेवटपर्यंत दाताला जाणवतो, सूप थोडं पातळ राहतं आणि भाजलेल्या धान्याचा वास जास्त येतो. कोंडा टिकल्यामुळे तंतूही जास्त. दोन्हींत बीटा-ग्लुकन हा विरघळणारा तंतू असतो, सुपाला येणारा बुळबुळीत दाटपणा बराचसा त्याचा. एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवावी: जवात ग्लुटेन असतं. गहू चालत नाही अशा पाहुण्याला हे सूप वाढू नये, ‘गव्हाऐवजी जव’ हा हिशेब इथे लागू नाही.

मापं चार मोठ्या वाडग्यांची. मटण ५०० ग्रॅम, पर्ल बार्ली ९० ग्रॅम म्हणजे साधारण पाऊण वाटी, दोन मध्यम कांदे, दोन गाजरं, एक टोमॅटो, लसणाच्या सहा पाकळ्या, बोटाच्या पेराएवढं आलं, दहा काळे मिरे, एक तमालपत्र, १०० ग्रॅम मश्रूम, दोन मोठे चमचे तेल, सगळं मिळून दोन लहान चमचे मीठ आणि १.४ लिटर गरम पाणी. आणखी ३०० मिली गरम पाणी बाजूला ठेवा, लागतंच. परदेशी पाककृतीत सेलरी असते. ती मिळाली तर एक दांडा, नाहीतर मूठभर कोथिंबिरीच्या काड्या दोऱ्याने बांधून टाकाव्यात आणि शेवटी काढाव्यात.

मटणवाल्याकडे नुसतं ‘अर्धा किलो द्या’ म्हटलं तर रश्श्याचे मोठे तुकडे मिळतात, त्यात मांडीचे जास्त. सुपाला खांदा आणि मान हवी, सोबत नळीचे दोन तुकडे. या भागांत चिवट पांढरे पडदे भरपूर असतात. ते सावकाश शिजून जिलेटिन होतं आणि सुपाला अंग येतं. मांडीचं मटण तेवढ्याच वेळात कोरडं, दोऱ्या सुटलेलं होतं. तुकडे इंचाचे मागा. रविवारी सकाळी गर्दीत असं बारीक काम करून द्यायला दुकानदार कुरकुरतो, बुधवारी किंवा शुक्रवारी जाणं बरं.

बार्ली तीन पाण्यांनी धुवा, निथळा आणि कोरड्या कढईत मंद आचेवर चार-पाच मिनिटं परता. रंग फारसा बदलायला नको, खमंग वास सुटला की उतरवा. एवढ्या एका गोष्टीने पाकीटबंद बार्लीचा बेचवपणा अर्धा जातो. पाकिटावर ही पायरी कुठेच लिहिलेली नसते.

मटण धुतल्यावर फडक्याने टिपून कोरडं करा. ओलं मटण तेलात टाकलं की पाणी सोडतं आणि करड्या रंगाचं उकडलं जातं. मग सूप कितीही वेळ ठेवा, ते फिकटच लागतं. एक लहान चमचा मीठ चोळून पाच लिटरच्या कुकरमध्ये तेल तापवा आणि निम्मं मटण एका थरात ठेवा. तीन मिनिटं हलवू नका. खालची बाजू तपकिरी झाली की तुकडा स्वतःच तळापासून सुटतो. ओढून काढावा लागत असेल तर अजून वेळ आहे. उलटून आणखी तीन मिनिटं, मग दुसरी खेप. स्टीलचा कुकर इथे उजवा ठरतो, तळाला धरलेला थर तपकिरी आहे की करपलाय ते दिसतं. काळ्या अॅनोडाइज्ड कुकरमध्ये ते वासावरून ओळखावं लागतं.

मटण काढून त्याच तेलात कांदा सात-आठ मिनिटं, मग आलं-लसूण, मग टोमॅटो. यानंतर तळ सोडवायला काहीतरी ओतायचं असतं आणि या बाबतीत नाशिककर नशीबवान. गावची शिराझ किंवा कॅबर्ने ही लाल वाईन १०० मिली ओता, सुलाची शिराझ-कॅबर्ने चालेल, लाकडी उलथन्याने तळ खरवडा आणि निम्मी आटू द्या. गोड पोर्ट वाईन नको, सूप गुळमट होतं. साध्या अॅल्युमिनियमच्या कुकरमध्ये वाईन टाकू नका, आंबट पदार्थाने धातूची चव उतरते. वाईन नकोच असेल तर पाण्यानेही तळ सुटतो, फक्त शेवटी लिंबू अर्ध्या चमच्याने वाढवा. गरम मसाला आणि काळा मसाला दोन्ही डब्यातच राहू द्यावेत. काळा मसाला पडला की त्याचा रस्सा होतो, आणि मग त्याला भाकरीच हवी.

आता मटण परत, पाणी, मिरे, तमालपत्र. उकळी आली की वर येणारा करडा फेस डावाने काढा आणि मगच झाकण लावा. पहिली शिट्टी झाली की आच अगदी बारीक. कोवळ्या बोकडाला १५ मिनिटं, जून असेल तर २५. शिट्ट्या मोजण्यात अर्थ नाही, मोठ्या आचेवर पाच शिट्ट्या सहा-सात मिनिटांतही होतात. वाफ आपोआप जिरू द्या. शिट्टी उचलून वाफ काढली तर आतलं पाणी एकदम खदखदतं आणि निवळ झालेलं सूप गढूळ होतं.

बार्ली या टप्प्यानंतर, झाकण उघडून घालायची. सगळ्यात जास्त बिघाड इथेच होतो. वेळ वाचवायला ती मटणाबरोबर कुकरमध्ये टाकली तर फेस उठून शिट्टीच्या नळीत जातो, शिट्टीतून चिकट पाणी उडायला लागतं आणि नळी तुंबली तर ते धोक्याचं आहे. वर दाणे तळाला बसून करपतात. बार्ली कुकरमध्ये लावायचीच असेल तर वेगळी लावा: तिप्पट पाणी, चमचाभर तेल आणि कुकर निम्म्याच्या वर भरलेला नको. भिजवलेल्या अख्ख्या जवांना हाच मार्ग सोयीचा, मंद आचेवर १५ ते १८ मिनिटं.

उघड्या भांड्यात पर्ल बार्लीला ३० ते ३५ मिनिटं लागतात. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर असल्यामुळे इथे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं, म्हणून पाकिटावरच्या वेळेत पाच मिनिटं मिळवा. रात्रभर भिजलेले अख्खे जव उघड्यावर ४५ ते ५० मिनिटं घेतात. न भिजवता घातले तर तास उलटून गेला तरी मधे टणक कण राहतो. दर पाच-सात मिनिटांनी तळापर्यंत डाव फिरवा. गाजराचे तुकडे शेवटच्या १२ मिनिटांसाठी घाला, आधी घातले तर चव सुपात उतरते आणि फोडी पिचपिचीत होतात. मश्रूम वेगळ्या तव्यावर पाणी आटेपर्यंत परतून शेवटी. उरलेलं मीठ बार्ली शिजल्यावर चाखून घाला, कारण पाणी आटतं तसं सूप खारट होत जातं. गॅस बंद केल्यावर एक चमचा लिंबू आणि कोथिंबीर.

दाणा शिजला का हे बघायला तो कापून बघा. मधे पांढरा ठिपका दिसला तर पाच मिनिटं अजून. वर तेलाचा जाड तवंग असेल तर डावाने काढा, सगळा काढू नका. पातळ वाटलं तरी दहा मिनिटं थांबा, बार्ली गॅस बंद झाल्यावरही पाणी ओढत राहते. कॉर्नफ्लोअर लावण्याची घाई करणाऱ्यांच्या वाडग्यात अर्ध्या तासाने चमचा उभा राहतो.

दुसऱ्या दिवशी फ्रिजमधून घट्ट गोळाच निघेल. दर वाडग्याला अर्धा कप गरम पाणी आणि चिमूटभर मीठ घालून मंद आचेवर मोकळं करा. उद्यासाठीच करत असाल तर बार्ली वेगळी शिजवून वेगळ्या डब्यात ठेवा आणि वाढताना मिसळा. निफाडकडे पारा उतरतो त्या दिवसांत मोठं पातेलं करून ठेवणाऱ्यांनी तर हेच करावं.

तयार बार्ली सुपाची पाकिटंही मिळतात. त्यांत मीठ आणि स्टार्च पुष्कळ, बार्ली नावाला.

पर्ल बार्लीचं किलोचं पाकीट घेऊ नका. पावसाळ्यात तिला गव्हापेक्षा आधी जाळी धरते आणि सोंडे होतात. ५०० ग्रॅम घ्या, आणल्या आणल्या दोन-तीन दिवस फ्रीझरमध्ये ठेवा आणि मग घट्ट झाकणाच्या बरणीत फ्रिजमध्ये. जून ते सप्टेंबर अख्ख्या जवांचाही मुक्काम फ्रिजमध्येच असावा. तिथे जागा नसेल तर पाव किलोच आणा.