दापोलीच्या घराच्या खिडक्यांना वादळासाठी लावलेल्या फळ्या: एक पावसाळा आणि एक ऑक्टोबर वापरल्यानंतर

नागपुरात राहून कोकणातलं घर पाहुण्यांना भाड्याने देणाऱ्या, म्हणजे आमच्यासारख्या माणसांसाठी हे लिहिते आहे. आमचं घर दापोली तालुक्यात, किनाऱ्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर. जांभ्याच्या भिंती, मंगलोरी कौलं आणि पश्चिमेला हॉलच्या मोठ्या काचेच्या खिडक्या. त्या खिडक्यांतून समुद्र दिसतो म्हणून बुकिंग मिळतं, आणि वादळात पहिला मारही त्याच खातात. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर आलं तेव्हा वारा ताशी ११० ते १२० किलोमीटरचा होता. दापोली-मंडणगडातल्या नारळी-पोफळी आडव्या झाल्या, कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती, आणि टॉवर बंद पडल्यामुळे घर उभं आहे की नाही हे नागपुरात कळायलाच दिवस गेले. पुढच्याच मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला घासून गुजरातकडे गेलं. तेव्हाच ठरवलं होतं की खिडक्यांचं काहीतरी पक्कं करायचं. ते प्रत्यक्षात झालं मार्च २०२५ मध्ये.

खिडकीवर एवढा जोर का, ते आधी सांगते, कारण घरच्यांनीही मला हेच विचारलं होतं. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. ताशी ६० किलोमीटरच्या वाऱ्यात एका चौरस मीटरवर साधारण १७ किलोचा दाब येतो, १२० च्या वाऱ्यात तोच जवळपास ७० किलो होतो. दाराएवढ्या काचेवर मग सव्वाशे-दीडशे किलो. त्यात उडत आलेली झावळी किंवा कौलाचा तुकडा लागला की काच गेलीच. आणि नुकसान काचेवर थांबत नाही. वारा आत शिरून छपराला खालून रेटतो, बाहेरचा वारा वरून ओढतो, आणि कौलं सुटतात. म्हणूनच ‘दाब सारखा राहावा म्हणून वादळात एक खिडकी उघडी ठेवा’ हा जो सल्ला अजून फिरतो, तो घातक आहे. काचेवर चिकटपट्टीची फुली मारूनही काच वाचत नाही, फार तर तुकडे जरा मोठे पडतात.

पर्याय दोन होते. रोलिंग शटर किंवा काढता-लावता येणाऱ्या फळ्या. शटरचं कोटेशन फळ्यांच्या तिप्पट आलं, आणि खारट हवेत ती पट्ट्यांची गुंडाळी दरवर्षी दुरुस्तीला येणार हे उघड होतं. फळ्या घेतल्या. त्यातही दोन प्रकार मुद्दाम घेतले: हॉलला नालीदार पॉलिकार्बोनेट, म्हणजे मजबूत पारदर्शक प्लास्टिकचे पत्रे, आणि बेडरूमना १८ मिलिमीटरचं मरीन प्लाय, म्हणजे पाण्यात टिकणारं प्लायवूड, आयएस ७१० या भारतीय मानकाच्या छापाचं. प्लाय आणि फळ्या ज्यात सरकतात त्या धातूच्या खाचांचं, म्हणजे चॅनलचं, काम नागपुरातच लकडगंजात मापाप्रमाणे करून घेतलं आणि टेम्पोने पाठवलं. चौकटी ज्या फिटरने केल्या तो एरवी कूलरचे स्टँड बनवतो, आणि त्याला हे काम सगळ्यात लवकर समजलं. मार्चमध्ये खिडकीत कूलर बसवायचा, पावसाळा लागला की उतरवून ठेवायचा, ही नागपूरकरांची सवयच. फळ्यांचंही तसंच, फक्त इथे हाताशी वेळ काही तासांचाच असतो.

आणि वारा आपल्याला परका आहे असं नागपूरकरांनी समजू नये. इमारतींवरच्या वाऱ्याच्या भाराचं जे भारतीय मानक आहे, आयएस ८७५ चा तिसरा भाग, त्यात नागपूर आणि मुंबई या दोन्ही शहरांचा मूळ वेग सारखाच धरला आहे, सेकंदाला ४४ मीटर.

बसवताना एका गोष्टीवर मी अडून बसले आणि ते फार कामाला आलं. जांभा सच्छिद्र दगड, त्यात साधा फास्टनर नीट धरत नाही. पहिल्या मिस्त्रीचं म्हणणं होतं की भिंतीतच भोकं पाडू. मी नाही म्हटलं. वरचं चॅनल खिडकीच्या लिंटेलला, म्हणजे वरच्या काँक्रीटच्या तुळईला लावलं, आणि खाली सिलच्या, म्हणजे खिडकीच्या खालच्या कडेच्या जागी काँक्रीटचा पट्टा ओतून त्यात स्टड, म्हणजे आट्यांचे उभे दांडे बसवले. फळी वर सरकवायची, खाली टेकवायची, हाताने फिरवता येणारे विंग नट आवळायचे. पाना लागत नाही, ड्रिल लागत नाही, वीज तर नाहीच.

आता खरा अनुभव. २४ मे २०२५ ला अरबी समुद्रातला कमी दाबाचा तीव्र पट्टा, हवामान खात्याच्या भाषेत डिप्रेशन, रत्नागिरी आणि दापोलीच्या मधूनच किनारा ओलांडून आत आला. इशारे दोन-तीन दिवस आधीपासून होते. घरात अमरावतीचं एक कुटुंब होतं. त्या कुटुंबातल्या वहिनी फोनवर म्हणाल्या, “ताई, एवढ्या लांबून आलो, पोरांनी अजून धड समुद्रही पाहिला नाही.” मला वाईट वाटलं, पण राहिलेल्या दिवसांचे पूर्ण पैसे परत देते, उजेड आहे तोवर निघा, असंच सांगितलं. घाटात झाड पडलं की गाडी तिथेच अडकते. ते दुपारी निघाले आणि रात्री पुण्यात नातेवाइकांकडे पोचले. घर भाड्याने देणाऱ्याने हा हिशोब आधीच मनाशी करून ठेवावा. परताव्याची घासाघीस करत बसलात तर पाहुणे घरातच थांबतात, आणि मग घर सांभाळणारे काका फळ्या लावणार की त्यांच्या चहापाण्याचं बघणार?

हे काका साठीच्या पुढचे आहेत. त्यांनी शेजारच्या मुलाला हाताशी घेतलं, पश्चिम बाजू आधी केली, मग दक्षिण. संध्याकाळी फोन आला: “ताई, लाकडाची फळी वाऱ्यात हातातून फिरते. दोघं लागतो. ती पारदर्शक मी एकटा लावतो.” या एका वाक्यात माझा सगळा अभिप्राय आला. प्लाय मजबूत आहे, पण लिंटेलपर्यंत उचलायला जड. आणि वारा सुटला की शेजारचा मुलगा आपल्या घराकडे पळणार, ते योग्यच आहे. जी वस्तू एकट्या माणसाला लावता येत नाही ती ऐनवेळी लागेलच याची खात्री नाही, मग कागदावर ती कितीही भक्कम असो. पॉलिकार्बोनेट हलकं, आणि आत उजेड राहतो. वीज गेल्यावर प्लाय लावलेल्या बेडरूममध्ये भर दुपारी टॉर्च लागत होता, हॉलमध्ये काका वर्तमानपत्र वाचत बसले होते.

त्या दिवशीचा वारा चक्रीवादळाचा नव्हता, हे स्पष्ट सांगायला हवं. डिप्रेशनमध्ये वारा ताशी पन्नास किलोमीटरच्या आसपास, झोत त्याहून जोराचे असले तरी. त्यामुळे १२० च्या वाऱ्यात या फळ्या कशा टिकतील हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. जे तपासलं गेलं ते असं: हॉलमध्ये पाणी शिरलं नाही, एकही नट सैल झाला नाही, नालीदार पत्रे मात्र रात्रभर खडखडत होते. नंतर चॅनलमध्ये रबराची पट्टी घातली, आवाज बराच कमी झाला.

ऑक्टोबरमध्ये दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसापासून ‘शक्ती’ चक्रीवादळाचे इशारे सुरू झाले. या वेळी फक्त पश्चिमेच्या फळ्या लावल्या. वादळ पश्चिमेकडे वळलं आणि जमिनीवर न येता समुद्रातच विरलं. फळ्या उतरवल्या, धुतल्या, ठेवल्या. ओळखीच्या एकांनी विचारलं की मेहनत फुकट गेली ना? मला तसं जराही वाटलं नाही. काकांनी चार महिन्यांनी पुन्हा हात चालवला, हेच हवं होतं. अरबी समुद्रात वादळांचे हंगाम दोन, मे-जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. २००९ चं फयान तर नोव्हेंबरमध्येच अलिबागजवळ आलं होतं. दिवाळीच्या बुकिंगच्या गडबडीत हा दुसरा हंगाम आपण विसरतो.

काही महिन्यांनी दिसलेल्या गोष्टी. ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलच्या नटांवर पावसाळा संपेपर्यंत तपकिरी डाग आले, ३१६ ग्रेडचे स्वच्छ आहेत. ३१६ मध्ये मॉलिब्डेनम हा धातू असतो, खारी हवा त्याला कमी खाते. फरकाचे पैसे द्या. स्टडच्या आट्यांत वाळू बसते, म्हणून ग्रीस लावून वर टोप्या घातल्या. टोप्या नसतील तर पाहुण्यांचे कपडे अडकतात. पॉलिकार्बोनेटची भोकं बोल्टपेक्षा थोडी मोठी ठेवावीत, उन्हात पत्रा वाढतो. त्याची यूव्ही थर, म्हणजे उन्हातल्या अतिनील किरणांपासून वाचवणारा थर असलेली बाजू बाहेर हवी. प्लायच्या ज्या कडांना रंगाचा हात कमी लागला त्या फुगल्या आणि दोन फळ्या चॅनलमध्ये अडकायला लागल्या. वाळवीची भीती वेगळीच, जिन्याखाली विटांवर उभ्या ठेवल्या तरी दर महिन्याला बघावं लागतं.

प्रत्येक फळीवर ऑइल पेंटने खोलीचं नाव, आकडा आणि वरच्या दिशेचा बाण काढला आहे. कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला कामांचा क्रम हाताने लिहून चिकटवला आहे, कारण फोन बंद झाला की माझ्या सूचनांचा उपयोग शून्य. पाहुणे रवाना, नारळ आणि सुक्या झावळ्या उतरवणे, अंगणातल्या खुर्च्या-झोपाळा आत, गच्चीवरची टाकी काठोकाठ भरणे म्हणजे ती जागची हलत नाही आणि पुढे वीज नसताना पाणीही मिळतं, फळ्या, शेवटी गॅसचा कॉक आणि मेन स्विच बंद. हवामान खातं वादळाची पहिली सूचना ७२ तास आधी देतं, मग ४८ तासांचा अ‍ॅलर्ट, मग २४ तासांचा इशारा. आमच्याकडे ४८ ला पाहुणे निघतात आणि २४ च्या आत शेवटचा नट आवळलेला असतो. नागपूरहून निघून तिथे पोचण्याच्या भानगडीत मी पडत नाही. समृद्धी महामार्गाने मुंबईकडे लवकर पोचता येतं, पण पुढचा रस्ता आणि घाट त्या पावसात मोकळे मिळतीलच असं नाही.

पॉलिकार्बोनेट आणि चॅनलला पाचपैकी साडेचार, प्लायला तीन. बेडरूमचं प्लायही या मेच्या आधी बदलते आहे. फळ्यांनी छपराचा प्रश्न सुटत नाही. पश्चिमेच्या कडेच्या दोन ओळींची कौलं आणि कोन्याची कौलं तांब्याच्या तारेने रिपांना बांधायचं काम बाकी आहे, त्यासाठी एप्रिलमध्ये गावातला कौलकार ठरवून ठेवला आहे.