खोट म्हणून गेलेल्या अकरा गोट्या

पणजोबांपासून आमच्या घरात एक पत्र्याचा डबा आहे. त्यात काचेच्या एकसष्ट गोट्या होत्या. आता पन्नास उरल्यात. बाकीच्या अकरा मी माझ्याच हाताने एका माणसाला दिल्या, तेही फुकट.

आजी गेल्यावर डबा माझ्याकडे आला. गोट्या किती जुन्या आहेत एवढंच मला जाणून घ्यायचं होतं, विकायचा विचारही नव्हता. ओळखीतून एक गृहस्थ आले, जुन्या वस्तूंचे जाणकार म्हणून. बोलणं फार गोड. डबा टेबलावर रिकामा करून त्यांनी भिंग काढलं आणि एकेक गोटी फिरवत दोन ढीग केले. एका ढिगात गुळगुळीत, चकचकीत गोट्या, त्यात आत रंगीत पाकळ्या असलेल्या कॅट्स आय पुष्कळ. "ताई, हा खरा ठेवा. जपा." दुसऱ्या ढिगात अकराच. त्यांतल्या प्रत्येकीच्या एका टोकाला खरखरीत वण होता, काहींच्या दोन्ही टोकांना. "या साच्यातून नीट निघालेल्या नाहीत. खोट आहे. मुलांच्या हाताला लागेल. मी घेऊन जातो, नमुना म्हणून चालतील." मी त्या कागदात गुंडाळून दिल्या, वर त्यांना चहा पाजला.

पुढे गोट्या जमवणाऱ्या एका बाईंना मी डब्याचा आधी काढलेला फोटो दाखवला. त्यांनी पहिलाच प्रश्न केला, "वणाच्या कुठे आहेत?"

त्या वणाला पॉन्टिल म्हणतात, आणि तो हाताने घडवल्याची खूण असतो. काचेत रंगीत धागे घालून लांब कांडी ओढायची, पिळायची, तापलेल्या टोकाला गोल आकार द्यायचा आणि तोडायचं. तोडलं तिथे वण राहतो. जर्मनीतल्या लाउशा गावात १८४६ मध्ये याच कामासाठी खास कात्री निघाली. अशा गोटीत पिळाचे धागे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जातात. पुढे अमेरिकेत मार्टिन क्रिस्टेन्सन यांच्या यंत्राला १९०५ मध्ये पेटंट मिळालं. यंत्रात तापलेल्या काचेचा गोळा खाचांच्या रुळांवर फिरत फिरत गोल होतो, म्हणून त्या गोटीला असा वण नसतो. आणि कॅट्स आय? त्या दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमधून आल्या. म्हणजे 'खरा ठेवा' म्हणून मला जपायला सांगितलेल्या गोट्यांतल्या पुष्कळ पणजोबांच्या नव्हत्याच, माझ्या काकांच्या खेळातल्या होत्या. त्या माणसाला सगळं ठाऊक होतं. भिंग त्याने वण शोधायलाच काढलं होतं.

फोन केला तेव्हा उत्तर आलं, "तुम्हीच दिल्यात ना?" कागद नाही, पावती नाही. पुढे काही करता आलं नाही.

वण दिसला की गोटी जुनीच, असंही धरू नका. हाताने गोट्या घडवणारे कारागीर आजही आहेत आणि त्यांच्या गोट्यांनाही वण असतो. म्हणून वणाबरोबर धाग्यांची रचना, वापराने पडलेले ओरखडे आणि बारीक टवके, सगळं एकत्र पाहावं लागतं. ओरखडे घालवायला पॉलिश करून देतो असं कोणी म्हटलं तर गोटी देऊ नका. पॉलिशमध्ये मूळ पृष्ठभाग जातो, तो पुन्हा येत नाही, आणि जमवणाऱ्यांच्या लेखी तिची किंमत उतरते.

कोणालाही दाखवण्याआधी प्रत्येक गोटीचा फोटो काढा, दोन्ही टोकांचा वेगवेगळा. व्यास मोजा, मोजून लिहून ठेवा. गोटी घराबाहेर जाणार असेल, अगदी 'फक्त बघायला' म्हणून, तरी सहीचा कागद घ्या. आणि ढीग करायचेच असतील तर तुमच्या हाताने करा. मी तेवढं केलं असतं तरी त्या अकरा घरातच राहिल्या असत्या.

आजीच्या शिवणाच्या डब्यात नंतर एक बारावी सापडली. निळ्या-पांढऱ्या पिळाची, दोन्ही टोकांना वण. आजी बहुतेक बटणांत विसरली असावी. तो माणूस अजून लोकांच्या घरी जाऊन जुन्या वस्तू पाहतो, असं ऐकते. तुमची गोटी भिंगाखाली धरून "हिला खोट आहे" असं कोणी म्हणालं, तर ती आधी त्याच्या हातातून परत घ्या.